वाऱ्याचा रकाना

विजेच्या बिलाच्या पाठीवर
चार रकाने आखले:
नाव, होडी, येणार की नाही, काय आणणार.
फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवार.
पानशेतचं पाणी तेव्हा अजून काठाला धरून असतं,
पुढे एप्रिलात चिखल तुडवत न्यावी लागते होडी
म्हशीसारखी, कासरा धरून.

पहिला फोन सुहासिनी रबडेंना.
त्यांची 'टिटवी', नऊ फुटी,
नारायण पेठेतल्या गच्चीवर स्वतः प्लायवूड कापून केलेली,
आणि मग जिन्यातून उतरेना म्हणून क्रेन बोलावलेली.
माझ्या लग्नाला एवढी माणसं नव्हती, म्हणतात,
जेवढी त्या दिवशी गॅलऱ्यांत उभी होती.
"येते. पण साडेसात म्हणजे साडेसात.
मागच्या खेपेला आठ-दहाला निघालात."

तन्वीर इनामदारांच्या होडीचं नाव 'हप्ता'.
अजून सतरा बाकी आहेत.
ते मटण आणणार. मग रबडेबाईंचं काय,
म्हणून पिठलं वेगळं, ढेब्यांच्या घरी,
भाकऱ्या मोजून नाही, अंदाजाने.

केकी बत्तीवाला एक्याऐंशीचे.
शीड उसवलंय, आणि कॅम्पातला शिंपी
कापड बोटांत चोळून विचारतो,
हे घालणार कोण?

पाटबंधारे खात्यात अर्ज.
विषय: शिडाच्या लहान होड्यांचा मेळावा.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
मोटर नाही? मग चालतं कशावर?
वाऱ्यावर, म्हटलं.
त्यांनी शेरा मारला: जबाबदारी अर्जदाराची.
वाऱ्याचीसुद्धा, बहुतेक.

बाबू ढेबेला विचारलं, वारा कसा राहील?
"सकाळच्याला मेलेला. आपण जेवून उठलो की उठंल त्यो.
खिंडीतनं येतो. आधी पाणी काळं पडतं,
मग समजायचं."
मी पाचवा रकाना आखला
आणि त्यात काही लिहिलं नाही.

नववा फोन मी केला नव्हता, आला.
फ्लोरा गायकवाड.
"पप्पांची होडी आहे अजून. वानवडीला, गॅरेजात.
मला चालवता येत नाही.
विकायला काढली तर लोक मापं विचारतात,
मला ती ठाऊक नाहीत.
नुसती आणली तर चालेल का?"

जॉयेल दर वर्षी आणायचा
लिंबाचं लोणचं, आणि एक जास्तीचा दोर,
कुणाचा तरी तुटणारच म्हणून.
कुणाचा तुटला की इतका खूश व्हायचा
की राग यायचा.
यादीत हात आपोआप 'जॉयेल' लिहून गेला.
खोडलं नाही. पुढे लिहिलं:
होडी येणार, माणूस बघणे.

रात्री पार्किंगमध्ये उतरलो.
ताडपत्रीवर सोसायटीची तिसरी नोटीस.
कोपरा उचलला, तर आत
माझ्या शिडाच्या घडीवर मांजर,
आणि चार पिल्लं, डोळे न उघडलेली,
आडव्या डोलकाठीला मागचे पाय रेटून
दूध ओढत होती.
तिने माझ्याकडे पाहिलं
त्या खात्यातल्या साहेबांसारखं.

बरं, म्हटलं.
सुकाणूपाशी गुंडाळलेला दोर तेवढा
हळूच, एकेक वेढा सोडवत बाहेर काढला.
एक पिल्लू त्याच्या टोकाबरोबर
वीतभर सरकत आलं, त्याला परत ठेवलं.

वर येऊन माझ्या नावापुढे लिहिलं:
होडी येणार नाही. कारण घरगुती.
मग जॉयेलच्या ओळीतलं 'माणूस बघणे' खोडलं,
माझं नाव घातलं.
लोणच्याचं काय करायचं ते कळेना.
रबडेबाईंना विचारावं, पण साडेअकरा झाले होते.

वाऱ्याचा रकाना तसाच.
बिल उलटं करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं,
भरायची तारीख
काल होती.